क्रूसावरील देह कोणाचा?

ईश्वर निराकार आहे असे मानणाऱ्या धर्मांस चित्रकाराची फारशी गरज भासत नाही, आणि ईश्वर अनंत रूपांनी नटला आहे असे मानणाऱ्या धर्मांत चित्रकाराला अडविण्याचे प्रयोजन उरत नाही; परंतु ईश्वर एकदाच, एका ठरावीक काळी, एका ठरावीक मुलखात, एका सुताराच्या घरी हाडामांसाचा मनुष्य होऊन जन्मला आणि रोमन सरकारच्या हुकुमाने गुन्हेगार म्हणून मारला गेला, असे सांगणाऱ्या ख्रिस्ती धर्माने चित्रकाराला एका विलक्षण पेचात टाकले आहे. व्यासपीठावरचा उपदेशक ‘देव मनुष्य झाला’ एवढे बोलून पुढल्या वचनाकडे वळू शकतो. चित्रकाराची सुटका इतक्या स्वस्तात होत नाही. त्याला त्या मनुष्याच्या कातडीचा रंग ठरवावा लागतो, गालफडे बसकी की भरलेली हे ठरवावे लागते, हातांना घट्टे पडले आहेत की नाहीत हे दाखवावे लागते. थोडक्यात, तो मनुष्य कोणत्या समाजातला आणि कोणत्या थरातला, या प्रश्नाचे उत्तर कुंचला टेकविताक्षणीच देणे त्याला भाग पडते.

हा पेच उलगडण्यासाठी आरंभ रोमपासून किंवा पॅरिसपासूनच केला पाहिजे असे नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे ठाणे मध्यवर्ती धरले, तर उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर अजिंठ्याची चित्रे आहेत, ज्यांच्यापासून विसाव्या शतकातील भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा एक ओघ निघाला. पूर्वेस साठेक किलोमीटरांवर जालना आहे, जेथे एकोणिसाव्या शतकात नवख्रिस्ती अस्पृश्यांची एक वसाहत उभी राहिली. आणि खुद्द शहरात नागसेनवन आहे, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय सुरू करून मराठवाड्यातील दलितांच्या हाती विद्या दिली. या तीन स्थळांच्या आधाराने एकच गोष्ट येथे मांडावयाची आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा जडवादी विचार हा त्या धर्मावर बाहेरून झालेला हल्ला आहे अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती अपुरी असून, त्या विचाराचे बीज धर्माच्या मूळ सिद्धांतातच आहे, आणि ते बीज ओळखण्याचे काम धर्मपीठांच्या आधी आधुनिक चित्रकारांनी केले.

जडवादाचे दोन अर्थ

जडवाद म्हटले की खाणेपिणे आणि चैन एवढाच अर्थ आपल्याकडे पुष्कळांच्या मनात येतो. याला प्राचीन कारण आहे. लोकायतांचे मूळ ग्रंथ आपल्या हाती आलेले नाहीत. त्यांचे मत आपल्याला मुख्यतः चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, म्हणजे विरोधकांनी लिहिलेल्या, ग्रंथांतून कळते, आणि विरोधकाच्या दप्तरात प्रतिपक्षाची नोंद क्वचितच उदार मनाने केलेली असते. तरीही त्या नोंदीतून मूळ सिद्धांत स्पष्ट दिसतो. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार भूते एकत्र आली की त्यांतून चैतन्य उत्पन्न होते, जसे किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मादकता उत्पन्न होते. देहावेगळा आत्मा नावाचा कोणी मालक त्या घरात राहत नाही. हा जडवादाचा पहिला, सृष्टिविषयक अर्थ होय.

दुसरा अर्थ समाजविषयक आहे. लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १८४१ साली ख्रिस्ती धर्माचे मर्म उकलणारा ग्रंथ लिहिला आणि असे प्रतिपादन केले, की दया, ज्ञान, सामर्थ्य हे जे गुण मनुष्य ईश्वराच्या ठायी पाहतो ते त्याचे स्वतःचेच गुण असून, ते त्याने आपल्यापासून तोडून आकाशात नेऊन ठेवले आहेत. चार वर्षांनी कार्ल मार्क्स याने फॉयरबाखवरील आपल्या टिपणांत विचारले, की मनुष्याला असे करावेसे का वाटते? त्याचे उत्तर असे, की पृथ्वीवरील जीवनच दुभंगलेले आहे, म्हणून मनुष्य आकाशात दुसरे घर बांधतो. तेव्हा आकाशावर टीका करून थांबू नये, पृथ्वीवरची दुफळी मोडावी. यापुढे जडवाद म्हणजे ‘परमाणू खरे, आत्मा खोटा’ एवढेच राहिले नाही. जमीन कोणाची, श्रम कोणाचे, पाणी कोणी भरावे आणि कोणी दुरून मागावे, या गोष्टींतून मनुष्याचे विचार आणि त्याचे देवही घडतात, असा त्याचा अर्थ झाला.

ख्रिस्ती धर्मशास्त्राला यांपैकी एकही अर्थ सर्वस्वी परका नव्हता, हे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीवर कार्थेज येथे लिहिणाऱ्या टर्टुलियन या कट्टर ख्रिस्ती लेखकाने आत्मासुद्धा एका प्रकारचा देहच आहे असे आग्रहाने मांडले. ख्रिस्ताचे शरीर हा केवळ आभास होता, क्रूसावर वेदना झाल्या त्या दिसण्यापुरत्या, असे म्हणणारा एक पंथ आरंभी बळावला होता. चर्चने तो पाखंड ठरविला, आणि ४५१ साली खल्किदोन येथील धर्मपरिषदेने ख्रिस्त पूर्णपणे ईश्वर व पूर्णपणे मनुष्य असल्याचा निर्णय दिला. आठव्या शतकात बायझंटाईन सम्राटांनी मूर्ती व चित्रे नष्ट करण्याचा हुकूम काढला तेव्हा चित्रांच्या बाजूने उभा राहिलेला दमास्कसचा योहान याने जो युक्तिवाद केला तो तर आजच्या जडवाद्यालाही विचार करावयास लावणारा आहे: ज्या अर्थी ईश्वराने स्वतः जडाचे रूप घेतले, त्या अर्थी लाकूड, रंग आणि शाई ही तुच्छ मानता येणार नाहीत. ७८७ साली निकेआ येथील दुसऱ्या परिषदेने याच विचाराला मान्यता देऊन चित्रांना अभय दिले. ख्रिस्ती जगात चित्रकला टिकली ती जडाची ही प्रतिष्ठा मान्य झाली म्हणून टिकली.

मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी नवा नाही. इंग्लंडात जन्मलेला येशूसंघीय पाद्री फादर स्टीफन्स याने गोव्यात राहून लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांत देव देहास कसा आला याची कथा आपल्या भाषेत, आपल्या पुराणांच्या चालीवर आली. परंतु ओवी देहाचे वर्णन करून मोकळी होते. चित्राला तो देह उभा करावा लागतो.

माती, कोंडा आणि लाजवर्द

म्हणून आता चित्र कशाचे असते ते प्रत्यक्षच पाहू. अजिंठ्याच्या लेण्यांतील भिंतीचा रंग जेथे उडाला आहे तेथे जवळ जाऊन पाहिले असता सर्वांत आत बसाल्टचा काळा खडक दिसतो, आणि त्याच्यावर टाकीचे घाव तसेच खरबरीत ठेवलेले दिसतात, कारण त्या खरबरीतपणालाच गिलावा धरून राहतो. त्या गिलाव्यात माती, भाताचा कोंडा, गवत व झाडपाल्याचे तंतू मिसळलेले असतात. त्याच्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग लावलेले आहेत. तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. हिरवा रंग ज्या हिरव्या मातीचा, ती या दख्खनी खडकाच्या पोकळ्यांतच सापडते. एकटा निळा तेवढा परका: लाजवर्दाचा तो दगड अफगाणिस्तानाच्या डोंगरांतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर येथवर आला. बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चेहऱ्यावरील करुणेविषयी आपण पुष्कळ वाचतो. ती करुणा कोंडा, चुना, गेरू आणि व्यापार यांच्यावर उभी आहे, हे सांगितल्याने तिची थोरवी कमी होत नाही.

जड पदार्थाची ही बाजू किती निर्णायक असते त्याचा पुरावा २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मिळाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि याच शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ येथील अभ्यासकांना वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्यात ते नाहीत. अजिंठ्याच्या गिलाव्याला कीड पुष्कळ लागली, वेरूळचा मात्र त्या मानाने वाचला. कोणत्या लेण्यातील देव टिकावा आणि कोणत्या लेण्यातील झडावा, याचा निकाल काही अंशी एका झाडाच्या सालीने दिला आहे.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांची कथाही अशीच पदार्थांची कथा आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे लेण्यांजवळ राहून तैलरंगांत केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जवळजवळ सर्व जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी आणून १८७२ ते १८८५ या काळात दुसऱ्यांदा नकला करविल्या, आणि त्यांतील पुष्कळशाही लंडनमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पुढे १९०९ ते १९११ या वर्षांत लेडी हेरिंगहॅम यांनी तिसरा प्रयत्न केला, आणि त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून जी तरुण मंडळी आली त्यांत नंदलाल बोस होते. तेथील रेषेचा संस्कार घेऊन नंदलाल परतले, शांतिनिकेतनात शिक्षक झाले, आणि त्यांच्यापाशी शिकावयास गोव्याहून एक ख्रिस्ती तरुण आला. औरंगाबाद जिल्ह्यातील एका बौद्ध भिंतीचा धागा अशा रीतीने ख्रिस्ती चित्रकलेला जाऊन मिळाला.

साडी नेसलेली मरिया

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यात झाला. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य वळणाचे शिक्षण सोडून दिले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांचे शिष्यत्व पत्करले. परत येऊन त्यांनी जी चित्रे काढली त्यांत मरिया साडी नेसून मांडी घालून बसली होती, येशूचा वर्ण सावळा होता, आणि भोवतालची माणसे, भांडी, झाडे या देशातली होती. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातील धर्माधिकाऱ्यांस व सनातनी भाविकांस हे मानवले नाही. निळा झगा आणि गोरी कांती ही मरियेची जन्मजात लक्षणे आहेत अशी त्यांची समजूत होती. वास्तविक ती इटली व पोर्तुगालच्या कारखान्यांची लक्षणे होती. फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला, आणि मुंबईचे फादर हेरास यांच्यासारख्या विद्वान येशूसंघीयांनी त्यांची पाठराखण केली. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृतींना उपासनेत व कलेत जागा खुली केली, तेव्हा फोन्सेका यांची हयात सरत आली होती. १९६७ साली ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

फोन्सेका यांच्या कार्याचे मोल नि:संशय मोठे आहे. ख्रिस्ताचा देह युरोपचा मिरासी हक्क नाही हे त्यांनी वादविवाद न करता दाखवून दिले. तथापि जडवादी दृष्टीने पाहणारा त्यांच्या चित्रांसमोर एक शंका घेतल्यावाचून राहणार नाही. त्यांची सावळी मरिया सौम्य आहे, तिची बोटे लांबसडक आहेत, तिच्या आसपास उपाशी कोणी नाही. अजिंठ्याची रेषा तिच्या सर्व लालित्यासह तेथे उतरली. परंतु ते लालित्य राजवाड्यांचे व आश्रमांचे होते. नाझरेथच्या सुताराची बायको भारतात जन्मती तर ती कोणाच्या घरी जन्मती, हा प्रश्न फोन्सेका यांच्या चित्रात उमटला पण विचारला गेला नाही. तो विचारला त्यांच्याहून बावीस वर्षांनी धाकट्या असलेल्या दुसऱ्या एका गोवेकराने, आणि त्याची भाषा कमालीची उद्धट होती.

सूझा यांचा ख्रिस्त

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगाव येथे झाला. वडील लवकरच वारले. आई मुंबईत शिवणकाम करून पोट भरू लागली. मुलाला देवी आल्या तेव्हा तो वाचला तर त्याला पाद्री करीन असा नवस तिने केला, आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या स्मरणार्थ ‘फ्रान्सिस’ हे नाव त्याला जोडले. मुलगा वाचला, पाद्री मात्र झाला नाही. आधी शाळेने आणि मग १९४५ साली राजकीय चळवळीत भाग घेतल्याबद्दल जे. जे. कलाशाळेने त्याला बाहेरची वाट दाखविली. १९४७ साली सूझा कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन, अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे, सय्यद हैदर रझा, सदानंद बाकरे, आणि निजामच्या मुलखातील बोलारम येथे जन्मून मुंबईत मोटारी धुणारे कृष्णाजी हौळाजी आरा, असे ते सोबती होते. पक्षाशी सूझा यांचे फार दिवस जमले नाही, कारण काय रंगवावे हे पक्ष सांगू लागला आणि तो अधिकार त्यांनी चर्चलाही दिलेला नव्हता. १९४९ साली ते लंडनला निघून गेले.

रोमन कॅथलिक चर्चचा आपल्यावर झालेला संस्कार सूझा यांनी स्वतः १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सांगितला आहे, आणि त्यात महत्त्वाचे हे, की तो संस्कार सिद्धांतांचा नव्हता. पाद्र्यांचे जरतारी झगे, लाकडात कोरलेले संत, धुपाचा वास, आणि अंगभर जखमा घेऊन लोंबकळणारा ख्रिस्त, या वस्तू त्यांच्या मनात रुतल्या. एका जडवाद्याच्या डोळ्यांनी पाहिलेले हे चर्च आहे: श्रद्धेच्या जागी साहित्य, आणि त्या साहित्यात धाक व दिमाख यांची सरमिसळ.

त्याच वर्षी, म्हणजे १९५९ साली, रंगविलेले त्यांचे ‘क्रूसिफिक्शन’ हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. बोर्डावर तैलरंगांत काढलेले हे चित्र पुरुषभर उंच, सुमारे १८३ सेंटिमीटरांचे आहे. ख्रिस्ताचा देह काळा आहे आणि जाड काळ्या रेषांनी बांधलेला आहे. काटे केवळ मुकुटात राहिलेले नसून अवयवच काटेरी झाले आहेत. तोंड उघडे, दात विचकलेले. डोळ्यांत क्षमा शोधू जाणाऱ्यास ती सापडत नाही. चर्चमधील क्रूसासमोर गुडघे टेकताना भाविकाला जे सांत्वन मिळते, ते येथे मिळावयाचे नाही अशी तजवीज चित्रकाराने मुद्दाम केली आहे. हा देह रोमन शिपायांनी फटके मारून, खिळे ठोकून मारलेल्या मनुष्याचा आहे. शिक्षा म्हणजे काय हे त्यात दिसते, आणि शिक्षा देणारे राज्य चौकटीत नसतानाही त्याचा हात दिसतो.

असा ख्रिस्त युरोपनेही पूर्वी एकदा पाहिला होता. ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इसेनहाइमच्या मठासाठी जी वेदी रंगविली, तिच्यातील ख्रिस्ताची त्वचा फोडांनी भरलेली आहे. त्या मठात बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे अंग झडणाऱ्या रोग्यांची शुश्रूषा होत असे, आणि त्या रोग्यांनी वर पाहावे तर देवाच्या अंगावर आपलेच फोड दिसावेत अशी ती योजना होती. पुढे १८४९–५० मध्ये गुस्ताव कुर्बेने आपल्या गावातील एका सामान्य मनुष्याचा दफनविधी सहा मीटरांहून रुंद फलकावर रंगविला, म्हणजे राजे व संत यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा शेतकऱ्यांना देऊन टाकली, तेव्हा पॅरिसच्या टीकाकारांना तो कुरूपतेचा गौरव वाटला. सूझा यांची कुरूपता या परंपरेतली आहे. मात्र त्यांच्या काळ्या ख्रिस्तात वसाहतीच्या राज्यात वाढलेल्या, आणि गोऱ्यांच्या राजधानीत हलाखीचे दिवस काढलेल्या मनुष्याचा अनुभवही मिसळला आहे. फोन्सेका यांनी ख्रिस्ताला भारतीय केले. सूझा यांनी त्याला पुन्हा गुन्हेगार केले, आणि शुभवर्तमानांचा वृत्तांत पाहता दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मुळाला धरून आहे.

हात, पाय आणि डोळे

चित्रकारांनी जे रेषेत केले ते धर्मशास्त्राच्या ग्रंथांत येण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. पेरू देशातील गुस्ताव्हो गुतिएरेस या धर्मगुरूंचा मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथ १९७१ साली आला. १९७४ साली फर्नांदो बेलो या पोर्तुगीज लेखकाचे मार्ककृत शुभवर्तमानाचे जडवादी वाचन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. बेलो हे पूर्वी धर्मगुरू होते. त्यांनी मार्क्सच्या अर्थविचाराची हत्यारे घेऊन मार्कची कथा ओळीओळीने उकलली. येशूची कृती ते तीन अवयवांनी ओळखतात: हात म्हणजे देणे, भाकर वाटणे, रोग्याला शिवणे, ही प्रीती, पाय म्हणजे गावोगाव चालणे, ही आशा, डोळे म्हणजे घडते आहे त्याचा अर्थ वाचणे, ही श्रद्धा. परंपरेने आत्म्याच्या म्हणून सांगितलेल्या तीन सद्गुणांना बेलो यांनी देहाचे तीन व्यवहार करून टाकले.

मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे त्यांचे दुसरे प्रतिपादन आहे. इस्राएलच्या जुन्या नियमशास्त्रात दोन वेगळ्या व्यवस्था गुंतलेल्या आहेत असे बेलो म्हणतात. एक विटाळाची: काय शुद्ध, काय अशुद्ध, कोणाला शिवावे, कोणाला शिवू नये. दुसरी दानाची व ऋणाची: पीक कोणाशी वाटावे, कर्ज केव्हा माफ करावे, गरिबाचे काय देणे लागते. याजकवर्गाने पहिल्या व्यवस्थेचा विस्तार करून दुसरी झाकून टाकली; येशूने कुष्ठरोग्याला हात लावून पहिली मोडली आणि भाकर वाटून दुसरी उघडी केली. पॅरिसमध्ये हे वाचणाऱ्याला ही प्राचीन मानवशास्त्राची माहिती वाटेल. ज्या प्रांतात १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथील वाचकाला ही आपल्याच गावची हकीकत वाटावी.

जालन्याची वसाहत आणि नागसेनवन

आता जालन्याकडे वळू. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मून स्कॉटिश मिशनच्या संसर्गात ख्रिस्ती झालेले गृहस्थ. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, पुन्हा जातीत घ्यावे की नाही, या वादाने १८४३ साली मुंबईत केवढी खळबळ उडविली होती हे बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रातून वाचकांस ठाऊक असेल. पुढे नारायणरावांनी जालन्यास ठाण मांडले, निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारभारात जमीन मिळविली, आणि तेथे बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. आश्रयास आलेले लोक बहुतांशी मांग व महार. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना नव्या गावात घर, शेत व शाळा मिळणे ही गोष्ट त्या काळच्या अहवालांत प्रपंचाची म्हणून आणि बाप्तिस्मा ही परमार्थाची म्हणून नोंदली जाई. जडवादी दृष्टी सांगते, की ही फाळणी कृत्रिम आहे. ज्याला गावात पाय ठेवण्याची मुभा नव्हती त्याला गाव मिळणे हा त्याच्यापुरता शुभवर्तमानाचा संपूर्ण अर्थ असू शकतो.

परंतु घर मिळाले म्हणून धर्मशास्त्र बदलले काय? नागसेनवन उभारणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी याचे उत्तर कठोरपणे दिले आहे. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांच्या लेखनात, जे त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले, त्यांचा आक्षेप असा आहे, की मनुष्याचे पतन त्याच्या पापामुळे झाले ही शिकवण अस्पृश्याला देणे म्हणजे ज्या समाजव्यवस्थेने त्याला पाडले तिला दोषमुक्त करणे होय. ही ख्रिस्ती धर्मशास्त्रावरील अस्सल जडवादी टीका आहे, आणि ती करणारा पुरुष मार्क्सवादी नव्हता. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडू येथे बुद्ध व मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी दारिद्र्याच्या व शोषणाच्या प्रश्नावर मार्क्सशी सहमती दाखवून बळजबरीचा मार्ग नाकारला. भूक खरी आहे, पण मनुष्याचे मन बदलल्यावाचून भुकेची व्यवस्था कायमची मोडत नाही, असा त्यांचा आशय होता.

आंबेडकरांच्या आक्षेपाला ख्रिस्ती धर्मशास्त्रातून उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न झाला तो १९८० च्या दशकात, आणि त्यात अग्रभागी होते अरविंद निर्मळ हे महाराष्ट्रातील दलित ख्रिस्ती विद्वान. १९८१ साली बंगळूर येथील व्याख्यानात त्यांनी आरंभ केलेल्या विचाराला पुढे ‘दलित धर्मशास्त्र’ हे नाव मिळाले. त्यांचे म्हणणे असे, की भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी आजवर ख्रिस्ताला वेदान्ताच्या परिभाषेत बसविण्याची खटपट केली, म्हणजे भारतीय याचा अर्थ ब्राह्मणी असा गृहीत धरला. परंतु या देशातील बहुसंख्य ख्रिस्ती दलित आहेत, आणि सेवकाचे काम करणारा, थुंकला गेलेला, वेशीबाहेर मारला गेलेला येशू हा त्यांच्यापैकीच एक आहे. सिद्धांत आधी आणि दुःख नंतर हा क्रम त्यांनी उलटा केला: दुःख हेच ज्ञानाचे प्रथम साधन. फोन्सेका यांच्या चित्रासमोर जी शंका आली होती, तिला निर्मळ यांनी ग्रंथात रूप दिले. देशी, हे खरे. पण देशातला कोणता?

जडवादी वाचनाला मर्यादा आहेत हेही येथे नोंदविले पाहिजे. प्रत्येक चित्र हा वर्गलढ्याचा दस्तऐवज आणि प्रत्येक प्रार्थना हे उपासमारीचे चिन्ह, एवढेच सांगणारा टीकाकार अखेर चित्र पाहतच नाही. सूझा यांच्या रेषेतला जोम केवळ दारिद्र्यातून आलेला नाही; दरिद्री पुष्कळ होते, ती रेषा एकाची होती. तसेच क्रूसासमोर रडणाऱ्या स्त्रीच्या दुःखाचे आर्थिक कारण सापडले म्हणजे तिच्या रडण्याला पुरे उत्तर मिळाले असे होत नाही. मार्क्सने धर्माला अफू म्हटले ते सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला दडपलेल्या जीवाचा उसासाही म्हटले आहे, ते फार थोड्यांनी वाचले.

तरीही निर्णय द्यावयाचा झाला तर तो असा. देव देह धारण करतो असे एकदा म्हटल्यावर देहाची भूक, जात, रंग आणि मजुरी यांच्यापासून पळून जाण्याचा हक्क धर्मशास्त्राला उरत नाही, आणि ज्या धर्मशास्त्राने तो हक्क बळकावला त्याने आपलाच पहिला सिद्धांत नाकारला. सूझा यांनी कोणतेही धर्मशास्त्र लिहिले नाही, कोणत्याही पाखंडाचा अभिमान सोडला नाही. तरी त्यांच्या १९५९ च्या फलकात खल्किदोनचा निर्णय अनेक सुबक पूजाचित्रांपेक्षा अधिक निष्ठेने पाळलेला आहे. तेव्हा वाचकाने पुढल्या खेपेस अजिंठ्याच्या भिंतीसमोर, गावच्या चर्चमधील क्रूसासमोर किंवा एखाद्या आधुनिक चित्रासमोर उभे राहावे, तेव्हा ते सुंदर आहे की नाही हे ठरविण्याची घाई करू नये. ते कोणत्या पदार्थाचे केले आहे, त्याचा खर्च कोणी सोसला, आणि त्यात रंगविलेला देह कोणत्या माणसांच्या देहांसारखा आहे, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत. सौंदर्याचा निवाडा त्यानंतर केला तर तो अधिक न्यायाचा होईल.